तीन हॉटेलांच्या डेटा वेअरहाउससाठी (सगळा डेटा एकत्र ठेवून अहवाल काढायच्या जागेसाठी) स्वतःचा सर्व्हर घ्यावा की क्लाउड?

कळंगुट, कोलवा आणि पणजीत मिळून तीन हॉटेलं, डेटा दोनेकशे जीबी, मालक म्हणतात "एकदाच सर्व्हर घेऊन टाकू" आणि तुम्हाला क्लाउडच्या बिलाची धास्ती, असा तुमचा प्रश्न आहे. मी वेर्ण्यात हेच काम करतो. तुमच्या जागी असतो तर क्लाउड घेतला असता.

डेटा किती आहे यापेक्षा तो कधी लागतो ते बघा. रात्री नाइट ऑडिट, म्हणजे हॉटेलचा दिवसाचा हिशेब, संपलं की दिवसाचे आकडे येणार, सकाळी जीएम (जनरल मॅनेजर) ऑक्युपन्सी, म्हणजे किती खोल्या भरल्या ते, बघणार, मग दिवसभर कोणी फिरकणार नाही. डिसेंबरात झुंबड, जूनमध्ये शुकशुकाट. सर्व्हर मात्र डिसेंबरच्या हिशेबानेच घ्यावा लागतो. चवथीला पाहुणे येतात म्हणून कोणी बारा महिने मांडव घालून ठेवतं का? शिवाय यूपीएस, एसी, बॅकअपसाठी दुसरी जागा, पावसात जाणारी वीज, किनाऱ्यावरची खारी हवा. कोटेशनमध्ये यातलं काही नसतं, तिथे फक्त मशीनची किंमत.

बिलाची धास्ती अगदीच खोटी नाही. गुगलच्या बिगक्वेरी या क्लाउड वेअरहाउसच्या ऑन-डिमांड दरात क्वेरीने, म्हणजे डेटाला विचारलेल्या प्रश्नाने, किती डेटा वाचला त्याचे पैसे लागतात. महिन्याला पहिला १ टीबी फुकट. पण सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम द्या) लिहून शेवटी लिमिट १० (दहाच ओळी दाखवा) लावलं, तरी साध्या टेबलवर सगळं टेबल वाचल्याचंच बिल येतं. टेबलं तारखेनुसार पार्टिशन करा, म्हणजे तुकड्यांत विभागा, हवे तेवढेच कॉलम मागा आणि एका क्वेरीने जास्तीत जास्त किती वाचावं याची मर्यादा घाला. स्नोफ्लेक या दुसऱ्या क्लाउड सेवेचं गणित वेगळं: तिथे क्वेरी चालवणाऱ्या यंत्रणेलाच वेअरहाउस म्हणतात, ते जितका वेळ जागं तितके पैसे, प्रत्येक वेळी उठवल्यावर किमान ६० सेकंदांचे. उद्या कोणी "लाइव्ह बुकिंग दाखवा" म्हणून दर पाच मिनिटांना नवा डेटा ओढणारा डॅशबोर्ड टीव्हीवर लावला आणि ऑटो-सस्पेंड (काम नसलं की किती वेळाने आपोआप झोपायचं ती सेटिंग) दहा मिनिटांवर असला, की ते झोपतच नाही. जीएमना टीव्ही फार आवडतात, सांभाळा.

तीन पाळ्यांत चालणारा औषधांचा कारखाना असता, मशीनचा डेटा चोवीस तास येत असता आणि सांभाळायला आयटीचा माणूस जागेवर असता, तर मीही मालकांच्या बाजूने बोललो असतो.

पण काहीही ठरवण्याआधी बुकिंग सॉफ्टवेअरवाल्याला लेखी विचारा, कच्चा डेटा रोज बाहेर काढू देणार का. काही जण त्याचे वेगळे पैसे लावतात, आणि तो नाहीच म्हणाला तर सर्व्हर काय नि क्लाउड काय, दोन्ही रिकामेच.