वल्हं मागवा, जॅकेट घालून बघा

प्रश्न : कयाकिंग नुकतंच सुरू केलंय. लाइफ जॅकेट आणि वल्हं ऑनलाइन स्वस्त दिसतात. मागवू का?

उत्तर : वल्हं खुशाल मागवा. तुमची उंची आणि कयाकची रुंदी ठाऊक असली की लांबी ठरते, बहुधा 210 ते 240 सेंटिमीटरच्या दरम्यान. जॅकेट मात्र दुकानातच. माझं पहिलं मी फोटो बघून घेतलं. पाण्यात पडलो आणि ते थेट कानांपर्यंत वर आलं! पट्टे आवळा, बसून वल्हवल्यासारखे हात फिरवा, मग कुणाला तरी खांद्यांशी धरून ते वर ओढायला सांगा. हनुवटीला टेकलं तर नको. आणि हो, दुकानदाराचं तासभर डोकं खाऊन तेच जॅकेट ऑनलाइन मागवू नका. मी केलंय एकदा. बक्कल तुटल्यावर त्याच्याच दारात जावं लागलं.