बी-पेशीचा ग्राही की ग्राहक?

प्रश्न असा आला आहे : बी-पेशीवरच्या (प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, घडवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीवरच्या) रिसेप्टरला मराठीत 'ग्राहक' म्हणावं की 'ग्राही'? आणि 'ग्राही बी-पेशीला सक्रिय करतो' हे वाक्य चालेल का?

ग्राहीच म्हणावं. दोन्ही शब्द 'ग्रह्' या एकाच धातूचे, पण ग्राहक दुकानात आणि वीजबिलावर इतका रुळला आहे की पेशीपटलावर तो वाचणाऱ्याला अडवतो. ग्राही मात्र गुणग्राही, सारग्राही या शब्दांतून ओळखीचा आहे आणि इथे तो अर्थालाही जागतो. बी-पेशीचा ग्राही नेमका आपल्याशी जुळणारा प्रतिजन (जंतूचा किंवा तसाच परका रेणू) पकडतो आणि पेशी तो आत ओढून घेते. हे आत घेणं पुढे फार कामाचं ठरतं.

'सक्रिय करतो' हे क्रियापद मला खटकतं. हा ग्राही म्हणजे पेशीपटलात रोवलेलं प्रतिपिंड. आयजीएम या प्रतिपिंडाच्या प्रकारात त्याचं पेशीच्या आतलं टोक अवघ्या ३ अमिनो आम्लांचं असतं. त्यातून संदेश कसा जाणार? ते काम आयजी-अल्फा आणि आयजी-बीटा या जोडीदार प्रथिनांचं. प्रतिजनाने ग्राही एकत्र आले की लिन हे विकर (एन्झाइम) या जोडीच्या शेपट्यांना फॉस्फेट जोडतं, तिथे सिक हे दुसरं विकर येऊन बसतं, पुढे बीटीके हे तिसरं कामाला लागतं, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि केंद्रकातली जनुकं जागी होतात. (१९५२ साली ऑग्डेन ब्रूटन यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात या बीटीकेतच दोष असतो, हे १९९३ मध्ये कळलं. त्या मुलांत बी-पेशी नीट घडतच नाहीत.)

इतकं होऊनही प्रतिजन प्रथिन असेल तर काम अर्धंच झालेलं असतं. आत घेतलेल्या प्रथिनाचे तुकडे बी-पेशी साहाय्यक टी-पेशीला (तिला मदत करणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या रक्तपेशीला) दाखवते आणि तिच्याकडून सीडी४० या आपल्या पटलावरच्या प्रथिनामार्फत दुसरा संदेश मिळवते. तो मिळाला नाही तर पेशी निपचित पडू शकते. म्हणून 'ग्राहीच्या संदेशाने बी-पेशीचं सक्रियण सुरू होतं' असं लिहावं. काही जिवाणूंच्या आवरणावरच्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या शर्करासाखळ्या एकाच वेळी अनेक ग्राही जोडतात आणि टी-पेशीच्या मदतीशिवायही बी-पेशीला कामाला लावतात. तिथे मूळ वाक्य बरंच खरं ठरतं.

आणखी एक. 'बी-पेशी' लिहिताना मधली रेघ गाळू नका. 'बीपेशी' वाचून बियाण्याची पेशी डोळ्यांपुढे येते. हा 'बी' कोंबडीच्या बर्सा या अवयवाच्या नावातला आहे. या पेशी तिथे घडतात, असं आधी कोंबड्यांत दिसलं. माणसात त्या अस्थिमज्जेत तयार होतात.