'मूळ ते मूळच' असं लिहिण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. रॉबर्ट एगर्सच्या 2024 च्या 'नोस्फेरातू' या रक्तपिपासूच्या सिनेमावर तू मनापासून लिहिलं आहेस. त्यातल्या नायिकेला, एलनला, झटके येतात तो परिच्छेद वाचताना मला ते दृश्य पुन्हा दिसलं, आणि याहून मोठी पावती मला देता येत नाही. पण शेवटचं वाक्य खोड. 'मूळ ते मूळच, बाकी सगळा धंदा.' असं लिहिलं की पुढे काही बघायचं उरतच नाही, आणि तुझी नजर अजून बघायच्या वयात आहे.

तू ज्याला मूळ म्हणतेस तो त्याच नावाचा, मुर्नाऊचा 1922 चा मूकपट. तो तरी मूळ कुठे आहे? ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी 1897 ची. तिचे हक्क न घेताच हा सिनेमा केला. रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक झाला, लंडनच्या जागी जर्मन गाव आलं. स्टोकर तोवर वारले होते, त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो बघतो. तो काढणारी प्राना-फिल्म ही कंपनी एवढा एकच सिनेमा करून बुडाली.

आता यातली खरी गोष्ट ऐक. रक्तपिपासू उन्हाने मरतो हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. स्टोकरच्या पुस्तकात मात्र ते नाही. तिथला काउंट दिवसाही लंडनमध्ये हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. शेवटी तो मरतो ते सुऱ्यांनी. कोवळ्या उन्हात विरून जाणं हे या चोरीच्या सिनेमाने आणलं, आणि जगाने ते इतकं आपलंसं केलं की आता पुस्तकच चुकलं असं वाटावं. एक बदल शंभर वर्षं टिकला. म्हणून रूपांतर समोर आलं की मी आधी हेच शोधते: यांनी काय बदललं, आणि त्या बदलामागे काही भीती आहे का.

रॉबर्ट एगर्सच्या ऑरलॉकला मिशी आहे. तू तिच्यावर वैतागली आहेस. पण स्टोकरच्या काउंटला लांब पांढरी मिशी आहे, पहिल्याच भेटीत तिचं वर्णन येतं. मुर्नाऊने ती काढून उंदरासारखा टकला प्राणी केला. एगर्स पुस्तकाकडे परत गेला आणि त्याने एक कुजलेला सरदार उभा केला, ज्याच्या अंगावरच्या भरजरी कपड्यांनाही मातीचा वास येत असेल. तुला तो बदल पटला नाही तर जरूर तसं लिही. फक्त 'मूळ बिघडवलं' असं म्हणू नकोस, कारण त्या मिशीचं मूळ मुर्नाऊच्याही मागे जातं. (मधला 1979 चा हेर्झोगचा 'नोस्फेरातू'ही बघ. त्यात रक्तपिपासू झालेल्या क्लाउस किन्स्कीची मला दर वेळी दया येते.)

आता आपल्या घरचं उदाहरण घेते, कारण यावर मी तुला खरं मनातलं सांगू शकते.

विशाल फुरियाने 'लपाछपी' मराठीत केला, तो 2017 साली थेटरात आला. 2021 मध्ये त्यानेच हिंदीत 'छोरी' केला, आणि तो थेट ओटीटीवर आला. कथा तीच. दिवस भरत आलेली गरोदर बाई, कर्जात अडकलेला नवरा, ड्रायव्हरच्या ओळखीने मिळालेलं उसातलं एकाकी घर, आणि अवतीभवती पळणारी तीन पोरं. दिग्दर्शकही तोच, म्हणजे 'दुसऱ्याने वाट लावली' हे म्हणायची सोय नाही. तरीही 'लपाछपी' बघून मी रात्री दिवा चालू ठेवून झोपले आणि 'छोरी' बघून तशी झोपले नाही. का, यावर मी बरेच दिवस विचार केला.

माझं बालपण उसाच्या पट्ट्यातलं. वाढलेल्या फडात शिरलं की चार सऱ्यांनंतर बांध कुठल्या बाजूला राहिला ते कळत नाही. पात हाताला कापते, कूस मानेत शिरते, पायाखाली पाचट वाजतं आणि ते आपल्याच पायाने वाजलं की दुसऱ्याच्या, हा प्रश्न पडतो. वारा वर असतो, खाली नसतो. आई म्हणायची, हरवलीस तर एका सरीला धर आणि सरळ चालत राहा, कुठेतरी बाहेर निघशीलच. 'लपाछपी'तली नेहा चालत राहते आणि पुन्हा तिथेच येते. ज्याने आयुष्यात एकदाही फड पाहिलेला नाही त्याला हा चकवा वाटेल. मला ती आईने शिकवलेली एकमेव युक्ती मोडल्यासारखी वाटली.

आणि दुसरं म्हणजे त्या ड्रायव्हरची बायको, तुळसाबाई. उषा नाईक यांनी ती बाई इतकी ओळखीची केली आहे की भीती तिच्या मायेतच आहे. पोटुशीला काय हवं नको बघणारी, ओटी भरताना बोलतात त्या सुरात बोलणारी. अशा बायका आपल्या सगळ्यांच्या घरी येऊन गेल्या आहेत. 'मुलगाच होणार बघ' हे त्यांनी प्रेमाने म्हटलेलं आपण ऐकलं आहे, आणि हसून सोडून दिलं आहे. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय त्या सिनेमाने अशा वाक्यांत ठेवला, म्हणून तो अंगावर येतो. हिंदीत मीता वशिष्ठ फार ताकदीने काम करतात, पण ती बाई मला पहिल्या क्षणापासून भयंकर वाटते. मग नायिका तिथे थांबते का, हा प्रश्न डोक्यात येतो, आणि तो आला की भीती निम्मी होते. चित्रण 'छोरी'चं अधिक देखणं आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते. 2025 च्या 'छोरी 2'मध्ये गोष्ट भुयारात उतरली आणि माझ्यापासून आणखी लांब गेली. भुयार कुठल्याही गावचं असू शकतं.

दृश्यं तीच ठेवली की भीती येते, हा समज काढून टाकायला 1998 चा 'सायको' बघ. गस व्हॅन सँटने हिचकॉकच्या 1960 च्या सिनेमातला जवळपास प्रत्येक शॉट तसाच घेतला, संगीतही तेच वाजवलं, फक्त रंग आणि माणसं नवी. तो मला कोरडा वाटला. दोन्ही एकापाठोपाठ बघ, तुला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

याच्या उलट जॉन कार्पेंटरचा 1982 चा 'द थिंग'. त्याच गोष्टीवरच्या 1951 च्या सिनेमात परग्रहावरचा प्राणी म्हणजे एक आडदांड माणूसच होता. कार्पेंटर 1938 च्या मूळ कथेकडे गेला, जिथे तो प्राणी कुणाचंही रूप घेतो. बर्फात अडकलेली मूठभर माणसं, आणि त्यातला कोण माणूस उरला आहे हे कुणालाच ठाऊक नाही. रक्ताची चाचणी होते ते दृश्य घड्याळ लावून बघ, किती वेळ काहीच घडत नाही ते मोज. तेव्हा हा सिनेमा पडला. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आला होता आणि लोकांना गोड परग्रहवासी हवा होता. समीक्षकांनीही झोडपला. म्हणून नव्या रिमेकवर पहिल्याच आठवड्यात शेवटचा निकाल देऊ नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. 2011 मध्ये त्याच नावाने आधीची गोष्ट सांगणारा सिनेमा आला. त्यासाठी कारागिरांनी हाताने प्राणी बनवले होते, आणि नंतर त्यांच्यावर संगणकाची चित्रं चढवली गेली. त्या कारागिरांसाठी मला आजही वाईट वाटतं.

मोठ्या सिनेमांच्या पुढच्या भागांबद्दल तू विचारलं आहेस. त्यांचा सगळ्यात मोठा आजार म्हणजे समजावून सांगणं. 'हॅलोवीन'मधला खुनी मायकेल 1978 साली का मारतो ते कुणी सांगत नाही, पांढऱ्या मुखवट्यामागे काही आहे की नाही हेच कळत नाही. 1981 च्या भागाने नायिका लॉरीला त्याची बहीण केलं आणि कोडं एका कुटुंबाच्या भांडणाएवढं लहान झालं. 2018 च्या सिनेमाने ते नातं पुसून टाकलं, ते बरं केलं. पण 2021 आणि 2022 च्या भागांत पुन्हा सगळे बोलत सुटले. 'एलियन: रोम्युलस'चं वेगळं. त्यातल्या परग्रहावरच्या प्राण्याचं रक्त आम्लासारखं असतं हे 1979 च्या पहिल्या 'एलियन'पासून आपल्याला ठाऊक आहे. इथे गुरुत्वाकर्षण बंद होतं आणि ते रक्त हवेत तरंगू लागतं. जुनाच नियम, नवी जागा, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्याच सिनेमात पहिल्या 'एलियन'मधले नट, 2020 मध्ये गेलेल्या इयान होम यांचा चेहरा संगणकाने परत आणला आहे. ते मला मुळीच पटलं नाही. एकाच सिनेमात शहाणपण आणि आगाऊपणा दोन्ही असू शकतात, आणि तुझ्या लेखात दोन्ही यायला हवेत.

'भूल भुलैया'वर तू पुढे लिहिणार आहेस म्हणालीस, म्हणून एक सांगून ठेवते. आधी तो ज्यावरून आला तो 1993 चा मल्याळम 'मणिचित्रताळ्' बघ, त्यातल्या नायिकेसाठी, शोभनासाठी बघ. त्या गोष्टीचं धाडस हे होतं की बंद खोलीत भूत नसतंच, आजारी मन असतं, आणि ते बरं होऊ शकतं. 2007 च्या हिंदी रूपांतराने ते जपलं. 2022 च्या दुसऱ्या भागात मात्र खराखुरा आत्मा आला. सिनेमा तुफान चालला, मीही हसले. पण ज्या नावावर तो चालला, त्या नावाचं म्हणणंच त्याने उलटं केलं, आणि हे कुणी फारसं बोललं नाही. तू बोल.

लिहिताना एवढं सांभाळ. 'याची गरज काय होती' हा प्रश्न विचारू नकोस, कुठल्याच गोष्टीची गरज नसते. एक दृश्य निवड, दोन्ही सिनेमांतलं, आणि आवाज बंद करून बघ, मग फक्त आवाज ऐक. कुठे घाबरलीस ते आधी वहीत लिही, इतरांचे लेख नंतर वाच. आपल्या अंगावर काटा आला ती जागा खोटी नसते, तिचं कारण शोधायला मात्र वेळ लागतो.

लेख सुधारून पाठव. शेवटच्या वाक्याच्या जागी त्या मिशीबद्दल लिहिलंस तर मला आनंद होईल, तुला ती नावडली असली तरी. आणि दिवाळीच्या आधी इकडे ये, तोड सुरू व्हायच्या आत. दुपारी आपण दोघी फडात जाऊ, मी बांधावर थांबेन, तू एकटी दहा सऱ्या आत जाऊन उभी राहा. मग रात्री 'लपाछपी' लावू.

तुझी,
मावशी