परतावा नसलेले विमानाचे तिकीट आणि ऐनवेळचे आजारपण

प्रश्न : पुणे–दिल्ली जाण्यायेण्याची आमची चार तिकिटे एजंटकडून एकाच पीएनआरवर काढली आहेत. निघायला चार दिवस असताना धाकट्या मुलाच्या अंगावर कांजिण्या उठल्या. मुलीला त्या पूर्वीच येऊन गेल्या आहेत, म्हणून ती व यजमान लग्नाला जातील. मी मुलाजवळ थांबेन. तिकिटे ‘नॉन-रिफंडेबल’ असल्याने एक पैसाही मिळणार नाही, असे एजंट म्हणतो. हे खरे का?
— एक वाचक भगिनी, चिंचवड

उत्तर : मुलाला घरी ठेवण्याचा तुमचा निर्णय अगदी योग्य आहे. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत कांजिण्या पसरतात, आणि अंगावर ओले फोड दिसणाऱ्या प्रवाशाला विमान कंपनी प्रवास नाकारू शकते.

एजंटचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार तिकीट रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू शकत नाही. वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्के, तिकीट सवलतीचे असले किंवा त्याचे मूळ भाडे परत मिळणारे नसले तरी, प्रवाशाला परत करावीच लागतात. तिकिटावर ‘बेस फेअर’च्या (मूळ भाड्याच्या) खाली ‘यूडीएफ’सारखे (विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क) बारीक अक्षरांतले रकाने असतात. त्यांची बेरीज करा आणि तेवढी रक्कम आकड्यानिशी मागा. तिकीट एजंटकडून घेतले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते. एजंटची स्वतःची सेवा फी तेवढी वेगळी.

मूळ भाडे आजारपणामुळे परत मिळेलच असे नाही. ते देणे न देणे कंपनीच्या मर्जीवर आहे. तरीही विनंती जरूर करा. डॉक्टरांच्या दाखल्यावर मुलाचे तिकिटावरचेच नाव, आजार, तपासणीची तारीख आणि कधीपर्यंत प्रवास करू नये, हे स्पष्ट लिहून घ्या. कंपनी पैशांऐवजी ‘क्रेडिट शेल’ (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम) देऊ करील. ते घ्यावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार नियमाने तुम्हाला दिला आहे.

सर्वांत आधी एक काम आजच करा : फोन करून पीएनआर विभागून घ्या, म्हणजे यजमान व मुलीची तिकिटे अबाधित राहतील, आणि मगच तुमची दोघांची रद्द करा. न कळवता जाण्याचे विमान चुकवले, तर बऱ्याच कंपन्या परतीचे तिकीटही रद्द करतात. तारीख बदलायची असेल, तर बदलाचे शुल्क आणि भाड्यातला फरक असे दोन्ही भरावे लागते. स्वस्त तिकिटावर हा खर्च अनेकदा नव्या तिकिटाइतका होतो, म्हणून दोन्ही आकडे विचारूनच ठरवा.

कंपनीने दाद दिली नाही, तर तिच्या नोडल (तक्रार निवारण) अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि ‘एअरसेवा’ या सरकारी पोर्टलवर तिकीट व दाखला जोडून तक्रार नोंदवा.