मराठी साहित्य, पत्रकारिता की समाजकार्य? मानखुर्दच्या विद्यार्थिनीला उत्तर

पत्र थोडक्यात असं: "मी मानखुर्दला राहते. मराठी साहित्य घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जे साहित्य अन्यायाबद्दल बोलत नाही, ते मला वेळ घालवणं वाटतं. माध्यमं तर विकली गेली आहेत. आमच्या वस्तीची बातमी आग लागली किंवा कुणी गेलं तरच येते. मला सामाजिक न्यायासाठी काम करायचं आहे आणि लिहायचंही आहे. पप्पा म्हणतात, बी.एड. कर, नोकरी लागेल. मी एम.ए. करू, पत्रकारिता करू की समाजकार्याला जाऊ? कंत्राटी सफाई कामगारांवर लिहिलेला निबंध सोबत पाठवते."

प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुझ्या निबंधातच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. दुसऱ्या परिच्छेदात तू लिहिलं आहेस: 'कामगारांना गटारात उतरवलं जातं, त्यांचे पैसे कापले जातात आणि त्यांना न्याय नाकारला जातो.' तीन क्रियापदं आहेत आणि एकाही ठिकाणी करणारा माणूस नाही. प्रयोग ओळखायला तू शाळेपासून शिकली आहेस. मग इथे विचार की कोणी उतरवलं? मुकादमाने, कंत्राटदाराने, सोसायटीच्या सेक्रेटरीने की वॉर्डातल्या अधिकाऱ्याने? 'दुर्घटनेत मजुराचा मृत्यू' असा मथळा वाचून तू चिडतेस आणि ते बरोबरच आहे. त्या मथळ्यात करणारा गाळलेला असतो. पण तुझ्या वाक्यातूनही तो निसटला आहे.

ही फक्त भाषेची गोष्ट नाही. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूनंतर कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. म्हणजे 'दुर्घटना' या एका शब्दामागे एक गुन्हा आणि एक देणं दडलेलं असू शकतं. काम कोणाच्या जागेत होतं, बोलावलं कोणी, साधनं कोणती दिली, गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवला, भरपाईचा अर्ज कोणाच्या टेबलावर आहे, एवढं विचारलं की बातमी चार ओळींची उरत नाही.

आता तुझे तीन रस्ते याच नजरेने बघ. वाक्यातून माणूस कुठे गाळला हे ओळखायला साहित्याचा अभ्यास शिकवतो. तो माणूस शोधून कागदानिशी समोर आणणं हे पत्रकाराचं काम. त्याच्याकडून देणं वसूल होईपर्यंत कुटुंबाच्या बरोबर कचेऱ्यांमध्ये बसणं हे समाजकार्य करणाऱ्याचं आणि वकिलाचं काम. तिन्हींची तळमळ सारखी असते, दिवस मात्र अगदी वेगळे जातात. कोणता विषय आवडतो हे तुला माहीत आहे. रोज सकाळी उठून काय करायला आवडेल, हे ठरवायचं राहिलं आहे.

ते घरात बसून ठरणार नाही, एक काम करून बघावं लागेल. निबंधात 'पैसे कापले जातात' असं आहे ना? ओळखीच्या एखाद्या कंत्राटी कामगाराला, त्याची तयारी असेल तरच, सलग तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि भविष्य निर्वाह निधीचं ऑनलाइन पासबुक दाखवायला सांग. मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम कामगाराकडून कापली जाते. पावतीवर कपात दिसते आणि पासबुकात त्या महिन्याची नोंदच नाही, असं निघालं तर तुझ्या हातात निबंध नाही, बातमी आहे. इथे नवे लोक एक चूक हमखास करतात. एखाद्या महिन्याची रक्कम भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते आणि पासबुकात ती उमटायला आणखी काही दिवस लागतात. म्हणून चालू महिना सोड, दोन-तीन महिने मागचे बघ. एका कामगारावर थांबूही नकोस. त्याच कंत्राटदाराकडच्या पाच-सहा जणांच्या बाबतीत हेच आढळलं, तर ती कारकुनी चूक आहे असं कुणाला म्हणता येणार नाही.

पावतीचा फोटो काढलास तर नाव, यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक) आणि हजेरी क्रमांक झाकल्याशिवाय तो कुणालाही पाठवू नकोस, मैत्रिणीलाही नाही. कंत्राटी माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर घ्यायचं नाही एवढंच ठरवलं तरी त्याची चूल थांबते. त्याने आज होकार दिला, तरी छापायच्या आधी पुन्हा विचार. आणि कंत्राटदाराला प्रश्न लेखी पाठव, उत्तराला तीन-चार दिवस दे. उत्तर आलं नाही तर तसं लिही. ही पायरी गाळली की बदनामीची नोटीस येते आणि खरी बातमीही मागे घ्यायची वेळ येते.

दुसरा कागद माहितीच्या अधिकारातून मिळेल. महापालिकेच्या एम पूर्व वॉर्डाच्या (मानखुर्द त्यातच येतं) कचेरीत जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज कर. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. 'कामगारांना पगार वेळेवर का देत नाही?' असं विचारलंस तर उत्तर येणार नाही, कारण हा कायदा असलेल्या नोंदी देतो, खुलासे देत नाही. त्याऐवजी 'अमुक कालावधीतील सफाईच्या कंत्राटाच्या कराराची प्रत, कंत्राटदारास अदा केलेल्या देयकांच्या प्रती आणि दरमहा हजर कामगारांची संख्या' असं माग. संख्या माग, नावं मागू नकोस. वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज तिथेच अडतो. तुझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये.

हे करताना स्वतःकडे लक्ष ठेव. पावत्या जुळवताना मजा आली की कंटाळा? लिहून झाल्यावर मोकळं वाटलं, की 'आता या माणसाच्या पैशांचं काय?' हाच प्रश्न राहिला? मोकळं वाटलं असेल तर पत्रकारिता, तो प्रश्न राहिला असेल तर समाजकार्य किंवा कायदा. आणि त्या कामगाराचं बोलणं, त्याने मध्येच गिळलेला शब्द, त्याची म्हण हेच मनात घोळत राहिलं, तर एम.ए. मराठीला जा आणि ते मन लावून कर.

तुझ्या मतांबद्दलही बोलायला हवं, कारण मुलाखतीत त्यांनाच हात घातला जाईल. 'माध्यमं विकली गेली आहेत' असं म्हणालीस की समोरचा विचारेल, कोणतं वृत्तपत्र, कोणत्या दिवशी, कोणतं पान? दोन मराठी दैनिकांच्या मुंबई आवृत्त्या सलग १४ दिवस घे. वहीत रकाने आख: तारीख, पान, ठिकाण, बातमीत कोणाचं म्हणणं आहे (पोलीस, अधिकारी, नेता, रहिवासी), बातमीचं कारण. गोवंडी-मानखुर्दच्या किती बातम्यांत रहिवाशाचं एक तरी वाक्य आहे ते मोज. जुने अंक हवे असतील तर नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जा. चौदा दिवसांनी तुझं मत बदलेल असं नाही, पण ते तुझं स्वतःचं झालेलं असेल.

साहित्याबद्दलच्या तुझ्या मताशी मी सहमत नाही. जात्यावरच्या ओव्यांत 'अन्याय' हा शब्द सापडणार नाही, पण सासुरवाशिणीच्या दमलेल्या अंगाबद्दल इतकी नेमकी साक्ष दुसरीकडे कुठे आहे? १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णाभाऊ साठे उद्घाटक होते. तिथून जी धारा पुढे आली, तिने मराठीला नवे विषय दिलेच. शिवाय कोणाची बोली छापील पानावर येऊ शकते हेही बदललं. निबंधात तू तुझ्या वस्तीतल्या बायकांचं बोलणं प्रमाण मराठीत 'सुधारून' घेतलं आहेस. ते होतं तसं परत ठेव.

लिहून काही होतं का, ही शंका तुझ्या पत्रात ओळींमागे आहे. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवत होते. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा घेतली, मागण्यांचं निवेदन दिलं, आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पत्र, संघटना आणि अर्ज ही तिन्ही कामं एकत्र चालली होती. बाबासाहेबांचं 'मूकनायक' १९२० चं, 'बहिष्कृत भारत' १९२७ चं, दोन्ही मुंबईतूनच निघाली. जमलं तर 'बहिष्कृत भारत'चे अग्रलेख वाच, पुरावा कसा मांडत नेतात ते बघण्यासाठी.

आता प्रवेशांचं. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था तुझ्या घराजवळच आहे. तिथे माध्यम आणि सांस्कृतिक अध्ययनाचं एम.ए. आहे आणि समाजकार्याचंही. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात, परीक्षा मार्चच्या सुमारास. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर चालतो, हे संस्थेच्या माहितीपत्रकात आधी बघ आणि अर्जात तोच निवड. पेपर चुकला तर गुण कितीही आले तरी उपयोग नाही. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. शिकवणं इंग्रजीत असतं, म्हणून आतापासून रोज इंग्रजी वृत्तपत्रातला एक लेख वाचून त्याचा १५० शब्दांत मराठी सारांश लिही. वृत्तपत्रांच्या उपसंपादकाच्या चाचणीतही भाषांतर असतंच, तीच तयारी तिथे कामाला येईल. संगणकावर युनिकोड मराठी टंकलेखन यायलाच हवं.

कागदपत्रांत मुलं अडकतात ती ओबीसीच्या दाखल्यावर. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षाचं नॉन-क्रीमिलेअर लागतं. राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. तू त्या प्रवर्गात असशील तर आजच सेतू केंद्रात चौकशी कर.

याच्याबरोबर कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या मराठी विभागातही अर्ज भरून ठेव. एम.ए.नंतर प्राध्यापकी हवी असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागेल, आणि त्यानंतरही बरेच जण कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर काढतात; हे माहीत असू दे. समाजकार्याला चर्चगेटचं निर्मला निकेतनही आहे. एम.एस.डब्ल्यू.मध्ये, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीत, वर्गाबरोबर आठवड्याचे काही दिवस प्रत्यक्ष क्षेत्रकार्य असतं, त्यामुळे अर्धवेळ नोकरी करून ते झेपेल हे गृहीत धरू नकोस. कायद्यासाठी पदवीनंतरची तीन वर्षांची एल.एल.बी., तिची सीईटी राज्य घेतं. नोकरीची हमी देऊन लाखांत फी घेणाऱ्या खासगी माध्यम संस्थेत मात्र जाऊ नकोस. गेल्या वर्षीची मुलं कुठे, कोणत्या पदावर, किती मानधनावर लागली हे लेखी माग. बहुतेक ठिकाणी बोलणं तिथेच थांबतं.

प्रवेशासाठी जे निवेदन लिहिशील त्यात 'मला आवाज नसलेल्यांचा आवाज व्हायचं आहे' हे वाक्य घालू नकोस. त्या कामगारांना आवाज आहे. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला, तो खटला त्यांच्या संघटनेनेच लढवला होता. त्याऐवजी पावत्या आणि पासबुकं जुळवून काय सापडलं ते लिही, दहा ओळीत, आकड्यांसकट.

पप्पांशी भांडू नकोस. बी.एड. दोन वर्षांचं आहे आणि त्यानंतरही पात्रता आणि अभियोग्यता परीक्षा आहेतच, त्यामुळे 'लगेच नोकरी' तिथेही नाही, हे त्यांना शांतपणे दाखव. त्यांची खरी काळजी पैशांची असणार. म्हणून एका कागदावर दोन वर्षांची फी, प्रवास, राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळू शकणारी शिष्यवृत्ती, आणि भाषांतर किंवा शिकवण्यांतून महिन्याला तू किती आणशील हे मांड. आकडा तुला खात्रीने जमेल तेवढाच लिही, आणि तो कागद घेऊन त्यांच्याशेजारी बस. माहिती अधिकाराचा अर्जही याच आठवड्यात देऊन ये. ३० दिवस धरले तरी उत्तर हातात येईपर्यंत प्रवेशाच्या निवेदनाची वेळ होईल.