दगडावर दुसरा बाण काढण्याआधी

तुझी पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. ‘दोरीला बांधलेला दगड गोल फिरतो तेव्हा आत ओढणारं अभिकेंद्री बल आणि बाहेर ढकलणारं अपकेंद्री बल सारखंच असतं, असं क्लासमध्ये सांगितलं. मग दोन्ही एकमेकांना कापत असतील तर दगड सरळ का जात नाही?’ हा तुझा प्रश्न. अकरावीत मीही जवळजवळ याच शब्दांत हे विचारलं होतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग अचानक सगळं इंग्रजीत, हेही तुझ्यासारखंच.

आधी एक सांगते. तुला दिसलेली विसंगती खरी आहे. तुझं डोकं नीट चालतंय, म्हणूनच ती तुला खटकली. बेरीज शून्य असेल तर दगडाने सरळ रेषेतच जायला हवं, यात तुझं काही चुकलेलं नाही. चूक आहे ती दोन वेगवेगळ्या निरीक्षकांचे बाण (म्हणजे त्यांना दिसणारी बलं) एकाच आकृतीत काढण्यात.

न्यूटनचे तीन नियम आणि सदिशांची बेरीज तुला येते असं धरून चालते. (येत नसेल तर आधी ते कर, हे नंतर वाच.)

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते, कारण त्याची किंमत मी दोन वर्षं मोजली. जिल्ह्याच्या ठिकाणी एक नावाजलेला क्लास होता. तास संपल्यावर शंका विचारायला वेगळी खिडकी, पुढे पंधरा-वीस मुलांची रांग. माझा नंबर आला, मी प्रश्न विचारला. उत्तर मिळालं, ‘न्यूटनचा तिसरा नियम. क्रिया-प्रतिक्रिया. पुढचा या.’ मी ते वहीत लिहिलं आणि लाल पेनने चौकट केली. दुसऱ्यांदा त्या खिडकीवर जायचा धीर झाला नाही.

ते उत्तर साफ चूक होतं. दोरी दगडाला आत ओढते, तर दगड दोरीला बाहेर ओढतो, ही तिसऱ्या नियमाची जोडी. यातलं दुसरं बल दोरीवर आहे, दगडावर नाही. क्रिया आणि प्रतिक्रिया कधीच एका वस्तूवर लागत नाहीत. दगडाची आकृती काढताना ती प्रतिक्रिया तिथे येण्याचा प्रश्नच नाही.

या चुकीचा धोका असा, की ती पटकन पकडली जात नाही. दोन बाण काढून ‘आतलं बल = बाहेरचं बल’ असं लिहिलं तरी दोरीतला ताण बरोबरच येतो! ०.२ किलोचा दगड गुळगुळीत टेबलावर ०.५ मीटर त्रिज्येत सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरतोय. ताण १० न्यूटन. उत्तर जुळलं, पूर्ण गुण. मग मला कशाला शंका येईल? पण ‘आता दोरी तुटली, दगड कुठे जाईल?’ असा प्रश्न आला की मी ‘केंद्रापासून सरळ बाहेर’ लिहायचे. खरं उत्तर स्पर्शिकेच्या दिशेने. वळणावर एका बाजूला कललेल्या रस्त्याची गणितं, घर्षण आत लागतं की बाहेर, उभ्या वर्तुळातली बादली, सगळीकडे त्या लाल चौकटीने माझा घात केला. बारावीच्या सीईटीत यातलेच प्रश्न गेले आणि हवं ते कॉलेज थोडक्यात हुकलं. सगळा दोष या एका चुकीचा नव्हता, हे मान्य. पण एका मिनिटाचं नीट उत्तर मिळालं असतं तर इतकं भोगावं लागलं नसतं, ही खंत अजून आहे. आता मी स्वतः प्रॅक्टिकलला मुलांसमोर उभी असते, तेव्हा कितीही घाई असली तरी ‘पुढचा या’ म्हणत नाही.

डोक्यात उजेड पडला तो बीएस्सीच्या पहिल्या वर्षी, चिपळूणहून कराडला येताना, कुंभार्ली घाटात. एसटीच्या मधल्या वाटेत पाण्याची एक रिकामी बाटली पडली होती. गाडी डावीकडे वळली की बाटली गडगडत उजवीकडे यायची आणि माझ्या सीटच्या पायाला आपटायची. उजवीकडे वळली की परत पलीकडे. चार-पाच वळणं मी नुसती बघत बसले. बाटलीला कुणी हात लावत नव्हतं. मग तिला ढकलतंय कोण? तेव्हा लक्षात आलं, की बाटली बिचारी जवळजवळ सरळच चालली आहे. तिच्याखालची गाडी डावीकडे निघून जाते आहे. रस्त्याकडेला उभ्या माणसाला गाडीचा पत्रा काढून आतलं दिसलं असतं, तर त्याला कुठलंच ‘बाहेर ढकलणारं’ बल शोधावं लागलं नसतं. आणि मला खांद्याला जे दाबल्यासारखं वाटत होतं, ते खिडकीखालच्या पत्र्याचं मला *आत* ढकलणं होतं.

एवढंच आहे सगळं. संदर्भचौकट म्हणजे तू कुठे उभी राहून मोजतेस ते. रस्त्यावर उभी राहिलीस तर दगडावर आडवं बल एकच, दोरीचं १० न्यूटन, आत. त्याने ५० मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण मिळतं आणि म्हणून दगड वळत राहतो. बेरीज शून्य नाही, शून्य असताही कामा नये. दगडाबरोबर फिरणाऱ्या चौकटीत बसलीस तर दगड तुझ्यासमोर स्थिर. पण दोरी तर ताणलेली दिसते! मग हिशेब जुळवायला बाहेरच्या दिशेने १० न्यूटनचं स्यूडो (आभासी) बल लिहावं लागतं, तेच हे अपकेंद्री बल. तिथे बेरीज शून्य आणि दगड स्थिर, सगळं सुसंगत. दोन्ही वाटा बरोबर. एका वाटेवरून निघून मध्येच दुसरीवर उडी मारायची नाही.

घराच्या गच्चीवरची डिश बघ. ती ज्या उपग्रहाकडे रोखलेली आहे, तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर सेकंदाला जवळजवळ ३ किलोमीटर वेगाने पळतोय. डिशला मात्र तो आकाशात खिळलेला दिसतो, कारण डिश पृथ्वीबरोबर फिरते. ‘गुरुत्व आणि अपकेंद्री बल समतोल राखतात’ हे वाक्य डिशच्या चौकटीत खरं आहे. दूर ताऱ्यांच्या चौकटीतून बघणाऱ्याला ते खोटं, कारण त्याला फक्त गुरुत्व दिसतं आणि त्यापायी सतत वळत जाणारा उपग्रह. कुठून बघताय ते न सांगता हे वाक्य मुलांपुढे टाकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

माझं ठाम मत (सगळ्यांना पटेल असं नाही): अकरावीत असेपर्यंत अपकेंद्री बल वापरूच नकोस. सगळं जमिनीवरून सोडव. काही शिक्षक उलट सांगतील, फिरत्या चौकटीत गणित लवकर सुटतं म्हणतील, आणि ते खोटंही नाही. पण पाया पक्का होईपर्यंत घाई नको. वहीत प्रत्येक गणिताच्या वर एक ओळ लिही: ‘बघणारा कोण?’ मी आजही लिहिते. आणि प्रत्येक बाणाला विचार, ‘तुला लावणारी वस्तू कोणती?’ दोरी, टेबल, पृथ्वी, पत्रा. ज्या बाणाला मालक सापडत नाही तो जमिनीवरच्या आकृतीतून खोडून टाक.

चौकट बदलल्याने काम सोपं होतं हे बघायचं असेल तर वर्तुळ सोडून नदीवर ये, तिथे स्यूडो बलाची भानगडच नाही. नाव प्रवाहाविरुद्ध चालली आहे. एक नारळ पाण्यात पडला. नावाड्याला १० मिनिटांनी कळलं, त्याने लगेच नाव फिरवली, वल्ह्याचा जोर तोच ठेवला आणि नारळ पडला त्या जागेपासून १ किलोमीटर खाली तो गाठला. प्रवाहाचा वेग किती? काठावरून सोडवायला बसलीस तर समीकरणांनी पान भरेल. आता नारळावर बस. नारळ पाण्याबरोबर वाहतो, म्हणजे तुझ्या दृष्टीने पाणी तळ्यासारखं शांत. नाव १० मिनिटं लांब गेली, त्याच वेगाने १० मिनिटांत परत आली. एकूण २० मिनिटांत नारळ १ किलोमीटर वाहिला, म्हणजे प्रवाह ताशी ३ किलोमीटर. संपलं. नावेचा वेग लागलाच नाही!

तू खाली लिहिलंयस, की ‘हे सगळं पाश्चात्त्यांनी शोधलेलं, म्हणून मराठीत विचारच करता येत नाही’. असं नको म्हणूस. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास नावेचाच दाखला दिला होता: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे लंकेतून स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. (ही लंका म्हणजे त्यांच्या गणितातलं विषुववृत्तावरचं ठिकाण.) परीक्षेची उत्तरं इंग्रजीत लिहावी लागतात, ती लिही. पण विचार मराठीत कर, त्यात काही कमीपणा नाही.

कुणी हुशार मुलगा तुला म्हणेल, ‘जमीन तरी कुठे स्थिर आहे?’ बरोबर आहे त्याचं. पुण्यात बसलेला माणूस पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी जवळजवळ १,५९० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेला असतो. पण त्या फिरण्याचं त्वरण विषुववृत्तावरसुद्धा गुरुत्वत्वरणाच्या साधारण तीनशेव्या भागाइतकंच आहे. दगड-दोरीच्या गणितात ते सोडून द्यायचं.

जाता जाता एक: मोबाइलवर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप घे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं. त्यात त्वरणमापक चालू करून फोन टेबलावर ठेव, ९.८ च्या आसपास दिसेल. मग तोच फोन गादीवर वीतभर उंचीवरून सोड आणि आलेख बघ. पडतानाच्या त्या क्षणभरात आकडा शून्याजवळ येतो. असं का, यावर दोन दिवस विचार कर, लगेच उत्तर शोधू नकोस. (फोन गादीवरच सोड, जबाबदारी माझी नाही.)

मी कोचिंगवाली नाही आणि जेईईच्या रँकबद्दल मला काही सांगता येणार नाही. तिथे वेळेचं गणित वेगळं असतं, ते अलीकडे परीक्षा दिलेल्यांना विचार.

तुझं दुसरं गणित, पाण्याची बादली ०.९ मीटर त्रिज्येच्या उभ्या वर्तुळात फिरवण्याचं, मुद्दाम सोडवून देत नाही. सगळ्यात वरच्या बिंदूपाशी फक्त *पाण्याची* आकृती काढ, रस्त्यावर उभी राहून. बाण किती, कुठल्या दिशेला आणि प्रत्येकाचा मालक कोण, ते लिही. किमान वेग सेकंदाला ३ मीटरच्या जवळ यायला हवा. आकृतीचा फोटो इथेच टाक, रात्री बघते.