सावत्र होते म्हणून दुःख कमी करायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावचा, वय २६, नोकरीला लोट्याला असतो. माझे वडील मी अगदी लहान असताना गेले, मला ते नीट आठवतही नाहीत. मी तिसरीत असताना आईने अण्णांशी लग्न केलं, तेव्हा गावात बरंच बोललं गेलं म्हणे. अण्णांना स्वतःचं मूल नाही. त्यांची थोडी हापूसची कलमं होती आणि बाकी लोकांच्या बागा करारावर घ्यायचे. मला झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, धरायला त्यांनीच शिकवलं, देठ ठेवून आंबा काढायचा म्हणजे चीक फळावर सांडत नाही. माझ्याकडून फळ डागलं तरी कधी ओरडले नाहीत, तसले आंबे बाजूला काढून घरच्या आढीत टाकायचे. शाळेत माझं नाव बदलायचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, त्याच्या बापाचंच नाव राहू दे, त्या माणसाचं तेवढं तरी राहू दे.

गेल्या एप्रिलमध्ये बाग उतरवताना छातीत दुखतंय म्हणाले आणि झाडाखाली बसले, रिक्षातून रत्नागिरीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचलो तर तयारी झालेली. मडकं पुतण्याने धरलं, मला कोणी विचारलंच नाही, वर एक जण म्हणाला की सावत्राला कशाला पुढे करता. कंपनीतही साहेब बोलले की सख्खे नव्हते ना, मग दोन दिवस रजा पुरे. आता वर्षश्राद्ध आलंय, भावकी परत पुतण्यालाच बसवणार आणि कलमांचं काय ते आम्ही बघतो असंही म्हणतात. मला झोप लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून डोकं फिरतं. कधी वाटतं अण्णांसाठी एवढं करतोय म्हणजे माझ्या जन्मदात्या वडिलांवर अन्याय करतोय का. आई तर गप्पच झालीय. काय करू?

उत्तर : अरे बाळा, पहिलं हे सांगते की तुझा बाप गेलाय. तिसरीपासून ज्याने वाढवलं, आजारपणात उशाशी बसला, हातात झेला दिला, तो गेल्यावर जे होतं तेच तुला होतंय आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

तुझ्या दुःखात दोन गोष्टी एकत्र आल्यात. एक म्हणजे माणूस अचानक गेला. आजारी माणसाच्या बाबतीत घरचे हळूहळू मनाची तयारी करतात, इथे सकाळी बागेत गेलेला माणूस दुपारी नाही, मग मन सारखं मागे जातं, मी तिथे असतो तर, रिक्षा आधी मिळाली असती तर. आणि दुसरी मला जास्त गंभीर वाटते, ती ही की तुझं दुःख कोणी मोजलंच नाही. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये नेमकं हेच मांडलं, की ज्या नात्याला समाज मान देत नाही त्या नात्यातलं दुःख माणसाला उघडपणे करताच येत नाही आणि म्हणून ते जास्त चिघळतं. तुला जो राग येतोय ना, तो त्यातलाच आहे. पुतण्यावर तो काढू नकोस, त्याचाही काका गेलाय. पण राग चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही, मडकं धरताना तुला साधं विचारायला हवं होतं, ते झालं नाही ही मोठी चूक झाली.

वर्षश्राद्धाचं आत्ताच बोल, आदल्या दिवशी नको. भावकीत एखादा समजूतदार वडीलधारा असतोच, त्याला आणि भटजींना आईसोबत जाऊन भेट आणि सरळ सांग की मला बसायचंय. भांडायच्या सुरात नाही, पण मागेही हटू नकोस. शास्त्राचा मुद्दा कोणी काढलाच तर भटजींनाच विचार की पितृपक्षात महालयाला कोणाकोणाची नावं घेतात, त्यात सापत्न माता आहे, गुरू आहेत, आप्त आहेत. ज्यांना तिथे सावत्र आईचं नाव चालतं त्यांना सावत्र बाप का चालू नये, मला तरी कळत नाही. आणि समजा नाहीच ऐकलं, तर पुतण्याच्या बाजूला बस, पान तू वाढ, आणि वर्ष झाल्यावर पुढच्या पितृपक्षात अण्णांचं तर्पण तुझं तू कर, तिथे तुला कोण अडवणार.

जन्मदात्या वडिलांचं म्हणशील तर त्याचं उत्तर अण्णांनीच देऊन ठेवलंय की रे. नाव राहू दे म्हणाले. ज्या माणसाने तुझ्या पहिल्या वडिलांची जागा अशी जपली त्याच्यासाठी रडताना अन्याय कसला? दोघांचे फोटो एका भिंतीवर लाव. बाहेरून सोपं दिसतं पण विधवा बाई आणि तिचं पोर दोघांना आपलं म्हणायला आपल्या कोकणात अजूनही छाती लागते. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मुरूड गावाने, आपल्या दापोलीजवळच्या, त्यांना वाळीत टाकलं होतं. पुढे १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं ते वेगळं. अण्णांना कोणी काही दिलं नसेल पण गावाचं बोलणं त्यांनीही ऐकलंच असणार, आणि ते तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

आता कलमांचं, कारण भावकीचं ते वाक्य मला खटकलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात सावत्र मुलगा थेट वारस नाही, हे वाचून वाईट वाटेल पण तसं आहे. अण्णांनी मृत्युपत्र केलं असेल किंवा तुला रीतसर दत्तक घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. पण तुझी आई त्यांची बायको आहे, ती पहिल्या वर्गातली वारस आहे, आणि अण्णांची आई हयात असेल तर तीही. म्हणून मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे आईच्या नावाने वारस नोंद झालीय का ते बघ, सातबारा काढ, झाली नसेल तर अर्ज दे. आईच्या नावावर जे येईल त्याचा पुढे तू तिचा मुलगा म्हणून वारस होतोसच. जमीन सामायिक असेल तर वकिलाला कागद दाखव आणि तोपर्यंत आईला कुठल्याही कागदावर सही करू देऊ नकोस, अगदी घरचा माणूस घेऊन आला तरी.

झोपेचं मात्र अंगावर काढू नकोस. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की सहा महिन्यांनंतरही दुःख इतकं तीव्र असेल की रोजचं जगणं अडतंय तर मदत घ्यावी, तुला तर वर्ष होत आलं. टेली मानस नावाची सरकारी फोन सेवा आहे, १४४१६ नंबर, फुकट आहे, रात्री दोनला केलास तरी चालतो आणि मराठीत बोलता येतं. एकदा बोलून बघ.

आणि आई. तिचा दुसऱ्यांदा संसार मोडलाय, तिला लोक काय काय बोलले असतील ते ती तुला सांगणारही नाही. तू तिला त्रास नको म्हणून गप्प, ती तुला नको म्हणून गप्प, असं चाललंय तुमच्याकडे. तेव्हा या सुट्टीत गेलास की जेवताना अण्णांचं नाव तूच काढ. यंदा कलमं कोणाकडून उतरवायची, आढी कुठल्या खोलीत लावायची हे तिलाच विचार, तिला त्यातलं तुझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. रडली तर रडू दे, उठून जाऊ नकोस. नाहीच बोलली तर दोन दिवसांनी परत विचार.